वजन साठ किलो, ट्रायग्लिसराइड २२५

डायबेटीस आणि हार्टचा त्रास जाड माणसांना होतो, हा आमच्या घराण्याचा ठाम समज. आम्ही सगळे काटकुळे. मग साताऱ्याला थोरल्या भावाची अँजिओप्लास्टी झाली आणि आम्ही बाकीचे मुकाट लॅबमध्ये जाऊन आलो.

माझ्या रिपोर्टात एकूण कोलेस्टेरॉल १८६, एलडीएल १०८. ‘चांगलंय की!’ घरचा निकाल लागला. डॉक्टरांनी मात्र पुढच्या ओळी वाचल्या: ट्रायग्लिसराइड २२५, एचडीएल ३३. उपाशीपोटीची साखर १०४, एचबीए१सी ६.०, म्हणजे डायबेटीसच्या उंबरठ्यावर. मग टेप काढून पोट मोजलं. ९४ सेंटिमीटर! भारतीय पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात. शर्ट बाहेर सोडला की हे कुणाला दिसत नाही.

आपल्याकडे हे नवं नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभे असतानाचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

पोटात, यकृतात चरबी साठली की इन्शुलिनला शरीर दाद देईनासं होतं. यकृत जास्त ट्रायग्लिसराइड रक्तात सोडतं, त्यापायी एचडीएल घसरतं आणि एलडीएलचे कण बारीक होतात. बारीक कणांत कोलेस्टेरॉल थोडं मावतं, म्हणून एलडीएलचा आकडा साळसूद दिसतो. कणांची संख्या मात्र जास्त असू शकते. ती कळते अपोबी तपासणीतून. ती महाग वाटली तर फुकटातला हिशेब आहे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. माझे आले १५३. हे नॉन-एचडीएल साधारण १३० च्या आत हवं. हृदयविकार किंवा डायबेटीस असेल तर त्याहूनही कमी. रिपोर्टात छापलेलं नसलं तरी पेन घेऊन करा.

ट्रायग्लिसराइड जास्त आलं तर बारा तास उपाशी राहून पुन्हा तपासा. आदल्या रात्रीचं लग्नाचं जेवण आणि दारू आकडा फुगवतात. पाचशेच्या वर गेलं तर थांबू नका, स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते.

आमच्याकडे तेल-तूप मोजून असायचं, त्याचा अभिमानही होता. चहाबरोबरची खारी, बिस्किटं, रात्रीचा भाताचा डोंगर आणि एकादशीची साबुदाणा खिचडी कुणी मोजत नव्हतं. ते कमी केलं, जेवणात उसळ वाढवली, रोज भरभर चालू लागलो. ट्रायग्लिसराइड दीडशेच्या आत आलं. एचडीएल जेमतेम ३६ झालं. ते असंच चिवट असतं, गोळ्या देऊन वाढवण्यात फारसा अर्थ नाही असं डॉक्टर म्हणाले.

मला स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी सुरू झाली तेव्हा एका मित्राने घाबरवलं, ‘त्यानेच डायबेटीस होतो.’ धोका किंचित वाढतो, हे खरं. पण ज्याला हृदयविकाराची शक्यता मोठी, त्याचा फायदा त्याहून बराच जास्त. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, साखर तपासत राहा.

आणखी एक तपासणी: लायपोप्रोटीन ‘ए’. हृदयविकाराचा धोका वाढवणारा रक्तातला हा कण बहुतांशी आनुवंशिक, पथ्याने फारसा हलत नाही, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदा पुरते. डेसिलिटरला पन्नास मिलिग्रॅमच्या वर असेल तर सख्ख्या भावंडांना आणि मुलांनाही करायला सांगा. भावाचं जास्त निघालं. आता आमची तिशीतली पुतणी लॅबची वेळ ठरवते आहे, तीही काटकुळीच.