भावकीतले जंतु

गेल्या पावसाळ्यांत एक पालक शाळेंत येऊन आम्हांस म्हणाले, "मास्तर, माझ्या मुलास त्या बाकावरून उठवा. शेजारच्या मुलाच्या आजीला महारोग झाला आहे." आजीबाईंनीं औषधाचा क्रम पुरा केला होता. औषध सुरू झाल्यावर हा रोग लवकरच पसरेनासा होतो. शिवाय शंभरांतील नव्वदांहून अधिक माणसांच्या अंगीं त्यास दाद न देण्याची शक्ति उपजतच असते. हें ऐकून ते गृहस्थ निवळले, परंतु जातां जातां त्यांनीं विचारलें, "इतक्या रोगांवर लस टोचतात, मग यावरच कां नाहीं?" त्या वेळीं आम्हीं दिलेलें उत्तर फार तोकडें होतें. तें येथें पुरें करितों.

त्यासाठीं शरीर जंतु कसा ओळखतें हें आधीं पाहिलें पाहिजे. आमच्या तळेगांव ढमढेऱ्याच्या वेळ नदीकांठीं मेंढरांचे कळप उतरतात, तेव्हां धनगर आपलीं मेंढरें त्यांच्या अंगावरील रंगाच्या ठिपक्यावरून ओळखतो. दोन कळपांचा ठिपका एकच निघाला, तर घोटाळा ठरलेला! आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशीही अख्खा जंतु पाहत नाहींत. त्याच्या अंगची विशिष्ट द्रव्यें तेवढीं हेरतात. या द्रव्यांस शास्त्रांत 'प्रतिजन' म्हणतात. ती खूण निरुपद्रवी रूपांत शरीरास अगोदर दाखवून ठेवणें, हेंच लसीचें मर्म होय.

आतां गंमत अशी कीं, एकच खूण निरनिराळ्या जातींच्या जंतूंवर असूं शकते. गळवाच्या पुवांत द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे स्टॅफिलोकोकस नांवाचे जंतु पुष्कळदां सांपडतात. त्यांच्या भिंतींतील पेप्टिडोग्लायकन हें द्रव्य इतर बहुतेक जंतूंच्या भिंतींतही असतें.

कुष्ठाचा जंतु नॉर्वे देशांतील डॉ. हॅन्सन यांनीं १८७३ सालीं शोधिला. परंतु क्षयाचा जंतु जसा काचेच्या नळींत वाढवितां येतो, तसा हा आजतागायत वाढवितां आलेला नाहीं. उंदराच्या तळपायांत व आर्माडिलो नांवाच्या अमेरिकन प्राण्याच्या शरीरांत तो वाढतो, तोही अतिशय सावकाश. जंतूच मुबलक मिळेना, तर लस करावी कशाची?

मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत वसंत खानोलकर, सी. व्ही. बापट व कमल रणदिवे यांनीं या कोड्यास हात घातला. (कमलाबाई पुण्याच्या, हुजुरपागेंत शिकलेल्या. आमच्या मुलींनीं हें ध्यानांत ठेवावें.) कुष्ठरोग्याच्या शरीरांतून काढलेला एक जंतु आपण नळींत वाढविला, असें त्यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केलें. तो खुद्द कुष्ठाचाच असावा अशी आशा होती. पुढें तो त्याच कुळांतील दुसऱ्या जातीचा ठरला. तथापि श्रम वायां गेले नाहींत. त्याच्या कित्येक खुणा कुष्ठाच्या जंतूशीं जुळत होत्या. मूळ पुरुष हातीं लागत नसेल, तर भावकीतला चालेल, हा त्यांतला हिशेब! मुंबईच्या संशोधकांनीं पुढें तो जंतु मारून त्याची लस केली. दक्षिण भारतांत सुमारें १,७१,४०० लोकांवर चार लसींची कसोटी झाली, तिचे आंकडे १९९८ सालीं बाहेर आले. या मुंबईच्या लसीनें ६५.५ टक्के संरक्षण दिलें, बी.सी.जी. व मारलेले कुष्ठजंतु एकत्र करून केलेल्या लसीनें ६४, नुसत्या बी.सी.जी.नें ३४.१, आणि दिल्लीस भावकीतल्याच आणखी एका जंतूपासून केलेल्या लसीनें २५.७ टक्के.

हेंच साम्य कधीं फसवितेंही. क्षयाच्या परीक्षेसाठीं हातावर ट्युबरक्युलिन टोचतात. तेथें गांठ उठली म्हणजे क्षय झालाच, असें नव्हे. माती-पाण्यांतील निरुपद्रवी भाऊबंदांची ओळख असली तरी ती उठते. म्हणून जाणता डॉक्टर तेवढ्यावर निकाल देत नाहीं. त्याचप्रमाणें अंगावर फिकट चट्टा दिसला व तेथें स्पर्श कळेनासा झाला, तर घरींच तर्क न करितां सरकारी दवाखान्यांत दाखवावें. औषध फुकट मिळतें.

राहिली बी.सी.जी. ती गुरांच्या क्षयाच्या जंतूपासून फ्रान्समध्यें काल्मेत व गेरॅं यांनीं तयार केली व १९२१ सालीं प्रथम बालकास दिली. माणसाच्या क्षयासाठीं केलेली ही लस कुष्ठासही कांहीं अंशीं आळा घालते, हें वरील आंकड्यांवरून दिसतेंच. आपल्या देशांत ती तान्ह्या मुलांस टोचतात. म्हणजे त्या पालकांच्या प्रश्नाचें थोडें उत्तर त्यांच्याच मुलाच्या डाव्या दंडावर व्रणाच्या रूपानें होतें. तें दाखवून देण्याचें त्या दिवशीं आम्हांस सुचलें नाहीं.