साठीनंतर सायकलीची निगा

सायकल चालविणाऱ्याने तिची निगा राखण्यास शिकावे, असे आपण शाळेतील मुलांना सांगतो. साठी उलटलेल्या गृहस्थास ते कोणी सांगत नाही. वास्तविक गरज त्यालाच अधिक आहे. तरुण पडला तर कपडे झाडून उठतो; वृद्धाचा खुबा मोडला, तर साऱ्या घराची घडी महिनोन्महिने विस्कटते.

मला हा धडा मनगटावर शिकावा लागला. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी, आदल्या दिवशी दुकानातून ‘ओव्हरऑइल’ करून आणलेली सायकल उतारावर थांबली नाही. ब्रेकचे रबर जाडीला पुरेसे होते. परंतु जुने होऊन लाकडासारखे टणक झाले होते, आणि रिमवर तेलाचा हात फिरलेला होता. मूळ शब्द ‘ओव्हरहॉल’, म्हणजे सर्व भाग उघडून तपासणे. आपल्या बोलीत त्यात ‘ऑइल’ शिरले आणि तेल सोडले की काम संपले, असा समज रूढ झाला. प्लास्टर निघाल्यावर, मला गुरुजी म्हणणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात मी रोज तासभर पाटावर बसू लागलो. प्रथम संकोच वाटला. मुंबईच्या तंत्रशाळेत शिकविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगावच्या सायकल-दुकानाने झाला, हे आठवले आणि तो गेला.

ब्रेकपासूनच आरंभ करावा. दांडीच्या ब्रेकची रबरे रिमवर आतून, म्हणजे आसाच्या बाजूने दाबली जातात. म्हणून ती सहसा नजरेस पडत नाहीत. रबर व रिम यांत दोन ते तीन मिलिमीटर अंतर असावे. रबरावर नख दाबून पाहावे. ते उमटत नसेल व पृष्ठभाग चकाकत असेल, तर जाडी कितीही असो, रबर बदलावे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी, मग मागचा दाबून तसेच करावे. चाक फिरता कामा नये. पोलादी रिम ओली झाली की उत्तम ब्रेकही उशिरा धरतो, हे पावसाळ्यात ध्यानी ठेवावे. तेल सोडताना रिमवर फडके धरण्यास विसरू नये.

पंक्चर काढण्यासाठी चाक खोलण्याची आवश्यकता नसते. सायकल स्टँडवर ठेवून टायरची एकच बाजू रिमबाहेर काढावी आणि ट्यूब तेवढ्यातूनच ओढून घमेल्यातील पाण्यात तपासावी. तत्पूर्वी व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावावे. पुष्कळदा दोष तेथील झिजलेल्या रबरी नळीचाच असतो. टायरच्या आतून बोट फिरवू नये, चिंधी फिरवावी. बाभळीचा काटा डोळ्यांना दिसला नाही तरी चिंधीला अडकतो. चाळिशी लावणाऱ्यास ही युक्ती विशेष उपयोगी पडते. जागा घासून सोल्यूशन लावावे व ते वाळू द्यावे. घाईने ओल्यावरच तुकडा चिकटविला, तर तो सुटतो.

चेनची परीक्षा फूटपट्टीने होते. नव्या चेनच्या एका पिनपासून पुढे चोविसाव्या पिनपर्यंतचे अंतर बरोबर बारा इंच भरते. ते एक अष्टमांश इंचाने वाढले असेल, तर चेन बदलावी. दाते झिजले आहेत का, तेही पाहावे. चेन हाताने वरखाली हलविता अर्धा ते पाऊण इंच हलावी. फार सैल झालेली चेन चढावर निसटते आणि स्वार पायडलवरून घसरतो. रॉकेलने पुसून तेलाचे थोडे थेंब आतील सांध्यांत सोडावेत व वरचे तेल पुसून काढावे, अन्यथा धूळ बसून तेलाचाच लेप घासू लागतो.

सर्वच कामे हाती घेऊ नयेत. चाकाचा आउट काढणे, क्रँकची कॉटर पिन ठोकणे व चिमट्याला गेलेला तडा ही कारागिराचीच कामे होत. पायडल मात्र घरी बदलता येते. फक्त डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते सैल करण्यासाठी पान्हा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. हे ठाऊक नसल्याने मी एक सबंध सकाळ ते अधिकाधिक घट्टच करीत बसलो होतो.