नांव आणि कायदा

आपल्या वसईचें नांव आपण दिवसांतून अनेकदां घेतों. परंतु त्या नांवानें किती राजवटी पाहिल्या, याचा विचार क्वचितच करतों. इ. स. १५३४ मध्यें गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें हा प्रदेश पोर्तुगीजांस दिला. ते यास ‘बासाइं’ म्हणत. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं किल्ला सर केल्यावर ‘बाजीपूर’ हें नांव आलें. पुढें इंग्रजांनीं ‘बसीन’ असें लिहिलें. तथापि लोकांच्या मुखीं ‘वसई’च राहिली व अखेर तीच कागदावर आली.

आपल्याच पश्चिम समुद्रांत, केरळच्या किनाऱ्यापलीकडे, अशीच एक गोष्ट घडली. १९५६ मध्यें तेथील बेटांचा केंद्रशासित प्रदेश झाला, तेव्हां ‘लक्कदीव, मिनिकॉय व अमिनदिवी बेटें’ असें त्याचें लांबलचक नांव होतें. राज्याचें किंवा अशा प्रदेशाचें नांव बदलण्याचा अधिकार राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानें संसदेस दिला आहे. त्यानुसार १९७३ चा ३४ वा कायदा झाला आणि १ नोव्हेंबर १९७३ पासून ‘लक्षद्वीप’ हें नांव अमलांत आलें. केवळ पाटी बदलून भागलें नाहीं. घटनेच्या पहिल्या अनुसूचींतील व २४० व्या अनुच्छेदांतील जुने शब्द काढून तेथें नवा शब्द घालावा लागला. कारण कायद्याच्या लेखीं नांवांत संदिग्धता चालत नाहीं.

‘लक्कदीव’ हा ‘लक्षद्वीप’ याचाच अपभ्रंश. म्हणजे कायद्यानें मूळचें रूप परत दिलें, हें योग्यच झालें. परंतु मिनिकॉयचे लोक आपल्या बेटास ‘मलिकु’ म्हणतात, व त्यांची महल भाषा इतर बेटांच्या मलयाळमहून निराळी आहे. जुन्या नांवांत त्या बेटाचा निदान उल्लेख तरी होता. नव्यांत तोही उरला नाहीं.

हें दूरचें वाटतें काय? मग आपल्याच महानगरपालिकेकडे पाहूं. २००९ मध्यें वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा एकत्र करून ती स्थापन झाली. नांव मात्र ‘वसई-विरार’ ठरलें. ज्या सोपाऱ्यास अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सांपडला, तें प्राचीन शूर्पारक त्या नांवांत नाहीं.

म्हणून नवें नांव ऐकतांच आम्ही दोन प्रश्न विचारावेत: हें कोणाच्या मुखांतून आलें, आणि यांतून कोण वगळलें गेलें? कायदा नांव देऊं शकतो. वगळलेल्यांची आठवण ठेवणें मात्र आमच्याकडे राहतें.