डोळे स्पष्ट यावेत म्हणून

वसतिगृहातील लेकराचे छायाचित्र गावी पोहोचते, तेव्हा आई प्रथम त्याचे डोळे पाहते. तेच धूसर असतील, तर बाकी सारे व्यर्थ. म्हणून आम्ही मुलाला खिडकीकडे तोंड करून बसवतो आणि स्वतः गुडघे टेकून त्याच्या नजरेच्या पातळीवर येतो. फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर साधतो. मोबाईल असल्यास पडद्यावर त्या डोळ्यावरच बोट टेकवतो. जवळून टिपताना एफ/१.८ अ‍ॅपर्चरवर नाक स्पष्ट व डोळे धूसर येऊ शकतात, एफ/४ बरे. लहान मूल स्थिर राहत नाही, म्हणून शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवतो. उजेड अपुरा पडल्यास आयएसओ वाढवतो. चित्रात थोडे दाणे उमटले तरी चालतात. हललेले डोळे मात्र मागाहून नीट सुधारता येत नाहीत.