धुळीआडचे तारे

सियालदह स्थानकाबाहेर हिवाळ्यातील एखाद्या धूसर सकाळी सूर्य तांबूस आणि निस्तेज दिसतो. सूर्यात काही बदल झालेला नसतो. धूर व धूळ यांच्या सूक्ष्म कणांनी त्याचा निळा प्रकाश वाटेतच विखुरलेला असतो. दीर्घिकांच्या बाबतीतही असेच घडते; मात्र तेथे फसगत फार मोठी होते.

तारे जन्मतात ते वायू आणि धूळ यांच्या दाट मेघांत. ही धूळ म्हणजे रस्त्यावरची माती नव्हे. कार्बन आणि सिलिकेट यांचे ते धुराच्या कणांइतके बारीक कण होत. नवजात मोठे तारे प्रामुख्याने निळा व अतिनील प्रकाश देतात, आणि नेमका तोच प्रकाश धूळ अधिक अडवते. त्यामुळे जेथे तारे अतिशय वेगाने जन्मत आहेत अशी दीर्घिकाच आपल्याला मंद, लाल, जणू वृद्ध भासू शकते. केवळ दृश्य प्रकाशावर विसंबून विश्वातील ताऱ्यांची जन्मनोंद केली, तर ती अपुरीच राहील.

धुळीचा अंदाज घेण्याची एक युक्ती आहे. ताऱ्यांभोवतीच्या तप्त हायड्रोजनच्या वर्णपटातील लाल रेषा निळसर-हिरव्या रेषेच्या सुमारे २.८६ पट तीव्र असते. गुणोत्तर याहून जास्त आले, तर निळा प्रकाश वाटेत हरवला असे समजावे. अर्थात, धूळ इतकी दाट असेल की आतला प्रकाश बाहेरच येत नाही, तर ही युक्ती निरुपयोगी ठरते.

शोषलेली ऊर्जा मात्र नाहीशी होत नाही. धूळ तापते आणि अवरक्त किरण सोडते. (हे तापणेही कसले, तर बहुधा उणे दोनशे अंशांच्या खालचे!) १९८३ साली सोडलेल्या आयरास उपग्रहाने आर्प २२० ही दीर्घिका आपली बहुतेक ऊर्जा अवरक्तातच देते, हे दाखवून दिले. अतिदूरच्या दीर्घिकांचे असे किरण विश्वाच्या प्रसरणामुळे ताणले जाऊन मिलिमीटर लांबीच्या जवळ पोचतात. चिलीतील आल्मा ही ६६ अँटेनांची दुर्बीण ते टिपते.

येथे पुन्हा कोलकात्यात यावे लागते. सियालदहजवळच्याच प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या होत्या. १८९५ मध्ये त्यांनी टाउन हॉलमध्ये अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. लांब लहरी बारीक कणांना जुमानत नाहीत. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटीच्या ३० तबकड्या तर याहूनही लांब रेडिओ लहरी टिपतात. त्यांच्या वाटेत धूळ जणू नसतेच.

पाठगत प्रश्न
१. लाल दिसणारी प्रत्येक दीर्घिका वृद्धच असते का? पाठाच्या आधारे सकारण लिहा.
२. धुळीने शोषलेल्या प्रकाशाचे पुढे काय होते?