नावे पाच, माल एक

समृद्धी महामार्गाच्या आखणीत आमच्या वडिलार्जित शेताचा मोठा पट्टा गेला आणि त्याचा मोबदला २०१८ साली आईच्या, धाकट्या भावाच्या व माझ्या खात्यांत जमा झाला, तेव्हापासून कारंज्यातील आमच्या घराकडे ज्यांचे पाय वळू लागले, त्या सर्वांविषयी लिहू म्हटले तर स्वतंत्र बखर होईल. येथे मी त्यांपैकी एकाच गृहस्थाविषयी लिहितो, कारण त्याने केलेले नुकसान केवळ आमच्या घरापुरते राहिलेले नाही. तालुक्यात ज्या ज्या कुटुंबास महामार्गासाठी झालेल्या जमिनीच्या थेट खरेदीची रक्कम मिळाली, त्यांतील कित्येकांच्या बाबतीत हाच प्रयोग याच शब्दांत झाल्याचे मला पुढे समजले.

हा गृहस्थ अमरावतीच्या एका दलाली पेढीचा प्रतिनिधी होता. आला की आधी आईच्या पाया पडे, गुरुमंदिरात दर्शन घेऊन आल्याचे आवर्जून सांगे, आणि मग संगणकावरील रंगीत आलेख उलगडीत ईटीएफचे, म्हणजे शेअरप्रमाणे बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांचे, माहात्म्य कथन करी. त्याचा सर्वांत वजनदार युक्तिवाद असा की, प्रत्यक्ष केंद्र सरकारची भविष्य निर्वाह निधी संघटना कामगारांचा पैसा ईटीएफमध्ये घालते, मग तुम्हांस शंका कसली? हे विधान खोटे नव्हते. ऑगस्ट २०१५ पासून ती संघटना ईटीएफमध्ये गुंतवणूक करू लागली, हे खरेच आहे. परंतु हे प्रमाण नव्याने जमा होणाऱ्या रकमेच्या आरंभी ५ टक्के, पुढे १० आणि नंतर १५ टक्के एवढेच होते, आणि बाकीचा पंच्याऐंशी टक्के पैसा मुख्यतः सरकारी रोख्यांत व तत्सम कर्जरोख्यांत जात होता, ही दुसरी बाजू त्याने एकदाही उच्चारली नाही. ज्या संस्थेचा दाखला देऊन त्याने आमची शंभर टक्के रक्कम शेअरबाजाराच्या हवाली केली, त्याच संस्थेचा नमुना त्याने जसाच्या तसा पुढे ठेवला असता, तर आज हा मजकूर लिहिण्याचे कारणच उरले नसते.

मी महसूल खात्यात हयात घालविलेला मनुष्य. तोंडी बोलण्यावर विसंबण्याची मला सवय नाही. म्हणून मी त्यास लेखी विचारले होते की, आईचे वय अठ्ठ्याहत्तर, तिला दरमहा औषधपाण्यास पैसा हवा. भावास गेलेल्या शेताच्या बदल्यात दोन वर्षांच्या आत दुसरे शेत घ्यावयाचे. माझी निवृत्ती काही वर्षांवर आहे. असे असता तिघांच्या नावे एकच यादी कशी? त्या कागदाची स्थळप्रत माझ्या दफ्तरात आजही आहे. त्याखाली त्याने स्वहस्ते उत्तर लिहिले: "काकाजी, ईटीएफ म्हणजेच डायव्हर्सिफिकेशन. एक नाही, पाच घेतले आहेत. निश्चिंत राहा."

ते पाच कोणते, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. दोन वेगवेगळ्या फंडगृहांचे दोन निफ्टी ५० ईटीएफ, एक सेन्सेक्सचा, एक निफ्टी १०० चा आणि एक बँक निफ्टीचा.

पुढील इतिहास सर्वविदित आहे. जानेवारी २०२० मध्ये बारा हजारांवर असलेला निफ्टी २३ मार्च रोजी ७,६०० च्या आसपास येऊन बसला. त्या एका दिवसात तो सुमारे १३ टक्के घसरला आणि मध्यंतरी व्यवहार थांबवावे लागले. बँकांचा निर्देशांक तर जवळजवळ निम्म्यावर आला. आमच्या भावाने मानोरा रस्त्यालगतच्या एका शेताचा इसार दिलेला होता आणि बाकी रक्कम पाडव्यास द्यावयाची होती; पाडवा २५ मार्चला होता. लॉकडाऊनमुळे काही काळ मुदत वाढली, मात्र किमती इतक्या लवकर सावरल्या नाहीत. एवढ्या पडेल भावाने विकून शेत घेणे भावास परवडेना, आणि अखेर मालकाने ते शेत दुसऱ्यास दिले. इसार बुडाला. आईस त्याच सुमारास अकोल्यास दवाखान्यात ठेवावे लागले आणि तिच्या नावचे युनिट ऐन पडत्या भावात काढावे लागले.

टाळेबंदीच्या त्या रात्रींत मी पाचही फंडांच्या रोखेसंग्रहाच्या याद्या मिळविल्या, कोऱ्या कागदांवर रकाने आखले आणि जशी खतावणी उतरवितात तशी एकेक कंपनी पाचही रकान्यांत मांडत गेलो. पहिली ओळ एचडीएफसी बँकेची होती. पाचही रकाने भरले. आयसीआयसीआय बँक, कोटक, ॲक्सिस, पुन्हा तेच. रिलायन्स, इन्फोसिस, टीसीएस ही नावे पाचांपैकी चार रकान्यांत. निफ्टी १०० म्हणजे निफ्टी ५० अधिक पुढील पन्नास कंपन्या, आणि त्यातही भार पहिल्या पन्नासांचाच. सेन्सेक्समधील तीस कंपन्या जवळजवळ सगळ्या निफ्टीत आधीच बसलेल्या. बँक निफ्टीतील तेव्हाच्या बारापैकी मोठ्या बँका तर निफ्टीच्या अग्रभागीच. म्हणजे ज्याला आम्हांस विविधता म्हणून सांगण्यात आले होते, ती एकाच मालावर चिकटविलेली पाच लेबले होती, आणि त्यांतील पाचव्याने बँकांचा आधीच जड असलेला भार आणखी जड केला होता. भाऊ शेजारी बसून पाहत होता. तो एवढेच म्हणाला, "भाऊ, थ्या पोट्ट्याले तू लिहून देल्लं होतं ना? मंग त्यानं आपलं आयकलं काहून नाही?"

या प्रश्नाचे उत्तर मला पुढे हिशेबाच्या वहीत सापडले. आईच्या खर्चासाठी तो दरमहा थोडे युनिट विकून देई, आणि प्रत्येक विक्रीवर दलाली व इतर आकार लागत. अधूनमधून एका निफ्टीतून दुसऱ्या निफ्टीत केलेल्या अदलाबदलीवरही दलाली लागे, जिचा आईस काडीचा उपयोग नव्हता. मार्चनंतर त्याने फोन उचलणे सोडले. एकदा लागला तेव्हा म्हणाला, "काकाजी, लाँग टर्म ठेवायचं असतं हे." दोन वर्षांच्या मुदतीचा पैसा घेताना हे वाक्य त्याच्या मुखातून निघाले नव्हते. पेढीकडे लेखी तक्रार केली, तेव्हा प्रत्येक व्यवहारास तुमच्याच मोबाईलवरून संमती मिळाली आहे, असे दोन ओळींचे उत्तर आले. पुढे शेअरबाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या स्कोअर्स व्यवस्थेवर तक्रार नोंदविली, तेथेही पेढीने हेच उत्तर दाखल केले. नोव्हेंबर २०२० मध्ये निफ्टीने जानेवारीची पातळी ओलांडली, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्यास एप्रिलमध्ये दवाखान्याचे बिल भरावयाचे आहे, त्यास नोव्हेंबरची तेजी दाखवून सांत्वन करणे हे निर्दयपणाचे आहे.

आता जे हाती लागले ते सांगतो. वऱ्हाडातील शेतकऱ्यास विविधता शिकविण्याची मुळीच गरज नाही. सोयाबीनच्या ओळींत तो तुरीचे तास पेरतो, कारण एक पीक दिवाळीपूर्वी घरी येते आणि दुसरे जानेवारीपर्यंत शेतात उभे राहते, दोघांच्या मुदती व दोघांची संकटे निराळी. पैशाचीही वाटणी प्रथम मुदतीने करावी आणि मगच फंडाचे नाव काढावे. तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरच्या ईटीएफमध्ये घालूच नये. तो बँकेच्या ठेवीत वा टपाल खात्यात ठेवावा. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांस शिवलेला सेन्सेक्स त्या ऑक्टोबरात आठ हजारांखाली गेला आणि मूळ पातळीस परतावयास २०१० उजाडले, हा कालावधी ध्यानी ठेवला म्हणजे इतक्या कमी मुदतीस शेअरबाजार का नको, याचा उलगडा होतो.

ज्याची गरज ठराविक वर्षी आहे, उदाहरणार्थ मुलीचे उच्च शिक्षण, त्याच्यासाठी मुदतबंद रोख्यांचे ईटीएफ आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या भारत बाँडच्या एप्रिल २०३०, २०३१ अशा मालिका सार्वजनिक क्षेत्रातील उच्च दर्जाच्या रोख्यांच्या आहेत आणि त्यांची मुदत आपल्या गरजेच्या वर्षाशी जुळविता येते. मुदतीपूर्वी विकल्यास मात्र व्याजदरांप्रमाणे भाव हलतो, आणि १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्यांवरील नफा उत्पन्नात धरून कर लागतो.

विशी-पंचविशीतील तरुणास निफ्टी ५० आणि निफ्टी नेक्स्ट ५० असे दोन पुरेत. त्यांच्या याद्यांत पुनरुक्ती होत नाही. पुतण्यास मी हेच सांगितले. चाळिशी-पन्नाशीत त्यांच्या जोडीस रोखे व थोडे सोने हवे. सोन्याचे ईटीएफ आपल्याकडे २००७ पासून आहेत, आणि शेअर कोसळले त्या २०२० सालीच ऑगस्टपर्यंत सोने तोळ्यास पंचावन्न हजारांपलीकडे गेले होते, हे आमच्या पाच लेबलांना ठाऊक नव्हते. साठी ओलांडलेल्यास प्रथम ज्येष्ठ नागरिक बचत योजना. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा तीस लाख आहे आणि व्याज दर तिमाहीस हाती येते, युनिट विकण्याची दगदग नाही. उरल्यास थोडा भाग निर्देशांकात ठेवावा. प्रत्येकाने नामनिर्देशन करावे, हेही ओघाने आलेच.

खरेदी करताना बाजारभाव आणि फंडाचे दर युनिटमागील सूचक मूल्य, ज्यास आय-एनएव्ही म्हणतात, हे दोन्ही ताडून पाहावे. परदेशी गुंतवणुकीवरील मर्यादा भरल्यामुळे अमेरिकी निर्देशांकांचे काही ईटीएफ येथे मूल्याहून महाग विकले गेले आहेत. असा चढा भाव देऊन घेणारा पहिल्याच दिवशी तोट्यात उतरतो. ज्या ईटीएफमध्ये रोजची उलाढाल तुटपुंजी आहे, तो स्वस्त दिसला तरी घेऊ नये, आणि बाजार उघडताच 'मिळेल त्या भावाने' अशी ऑर्डर न देता भाव बांधूनच द्यावी. ज्याच्याकडे डीमॅट खाते नाही वा ज्यास दरमहा ठराविक रक्कम गुंतवावयाची आहे, त्याने त्याच निर्देशांकाचा साधा इंडेक्स फंड घ्यावा; डीमॅटसाठी दलालाच्या दारी जाण्याचे त्यास कारण नाही. आणि सल्ला हवाच असेल तर सेबीकडे नोंदणी असलेल्या गुंतवणूक सल्लागारास फी देऊन घ्यावा, त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासावा. दलालीवर पोट असलेल्याच्या फुकट सल्ल्याची किंमत आम्ही चुकती केली आहे.

शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत यवतमाळ, हिंगोली, नांदेड या जिल्ह्यांतील गावे आहेत. तेथील ज्यांच्या खात्यांत उद्या मोबदला येईल, त्यांनी पहिले काही महिने तो बँकेत तसाच पडू द्यावा. सातबाऱ्यावर जितकी नावे असतील तितक्यांच्या पुढे एका कागदावर त्यांचे वय आणि पैसा लागण्याचे वर्ष लिहावे. आणि कोणी प्रतिनिधी आला तर त्याच्या प्रत्येक फंडातील पहिल्या दहा कंपन्या त्याच्याच हस्ताक्षरात शेजारी शेजारी उतरवून घेऊन, या खरेदीतून तुला किती मिळणार हेही खाली लिहावयास लावून, त्याची सही घ्यावी.