मेमरी कार्ड विकताना 'किती जीबी?' नाही, 'कशासाठी?' विचारा



सांगली, मिरज, तासगाव, विटा या भागात मोबाईल ॲक्सेसरीजचं छोटं दुकान चालवणाऱ्यांसाठी आजचा धडा आहे. कव्हर खराब निघालं तर ग्राहक बदलून घेतो आणि विसरतो. मेमरी कार्ड खराब निघालं तर त्याच्या घरच्या लग्नाचे फोटो जातात. पैसे परत दिले तरी फोटो येत नाहीत. म्हणून ही बोटाच्या नखाएवढी वस्तू नीट समजून घेऊनच विका.

१. आधी फोन बघा

कार्डावर 'एसडीएचसी' असेल तर ते ३२ जीबीपर्यंतचं. 'एसडीएक्ससी' असेल तर त्याच्या पुढचं, २ टीबीपर्यंत. साधे कीपॅड फोन बहुतेक ३२ जीबीपर्यंतच घेतात. त्यात ६४ चं घातलं की "कार्ड चालत नाही" म्हणत माणूस परत येणार. काही फोनमध्ये दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हीपैकी एकच बसतं. आणि बऱ्याच महाग फोनमध्ये कार्डाची जागाच नसते. पाकीट फोडण्याआधी ट्रे काढून बघा.

२. मग काम विचारा

पाकिटावर मोठ्या अक्षरात '१०० एमबी' वगैरे छापलेलं असतं. तो बहुधा वाचण्याचा वेग असतो. व्हिडिओ शूट करताना लागतो लिहिण्याचा वेग, आणि तो छोट्या खुणांमध्ये असतो:

- फोटो, गाणी, साधा व्हिडिओ: सी अक्षराच्या पोटात १०. म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिणार.
- फोर-के शूटिंग: यू अक्षराच्या पोटात ३, किंवा व्ही३०. सेकंदाला किमान ३० एमबी.
- कार्डावर ॲप टाकायचे असतील: ए१ किंवा ए२. बारीक बारीक फायली पटापट वाचण्या-लिहिण्यासाठी ही खूण आहे.
- दुकानातला किंवा द्राक्षबागेतला कॅमेरा: 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं कार्ड. कार्डातल्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक वेळाच लिहिता येतं. कॅमेरा रात्रंदिवस जुनं पुसून नवं लिहितो, त्यामुळे साधं कार्ड तिथं लवकर दमतं.

३. "जागा कमी भरली" ही तक्रार

६४ जीबीचं कार्ड विंडोज कॉम्प्युटरला लावलं की ५९.६ च्या आसपास दिसतं. यात फसवणूक नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, कॉम्प्युटर १०७ कोटींच्या वर धरतो. किलो तोच, मापं दोन. हे काउंटरवरच सांगितलं तर वाद होत नाही.

४. खरी फसवणूक कुठं असते?

नकली कार्डात आत जागा असते समजा ३२ जीबी, पण त्यातली चिप फोनला ५१२ सांगते. पहिले काही दिवस सगळं छान चालतं. खरी जागा संपली की नवीन फोटो जुन्यावर लिहिले जातात किंवा उघडतच नाहीत. फोनमध्ये नावं दिसतात, फोटो नाही! कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

उपाय सोपा आहे. अधिकृत डीलरकडून बिलासह माल घ्या. नवीन लॉट आला की एक-दोन कार्डं 'एचटूटेस्टडब्ल्यू' या मोफत प्रोग्रामने तपासा. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि परत वाचून बघतो. ६४ जीबीला तास-दोन तास लागू शकतात, पण ते काम कॉम्प्युटर करतो, तुम्ही गिऱ्हाईक बघा. भाव फारच कमी लागला तर खूश होऊ नका, शंका घ्या.

५. बिल देताना तीन वाक्यं

एक: "फोनने 'इंटरनल स्टोरेज करू का?' विचारलं तर विचार करून हो म्हणा." तसं केलेलं कार्ड त्याच फोनशी बांधलं जातं. फोन बिघडला की ते दुसऱ्या फोनमध्ये वाचता येत नाही.

दोन: "फोटो चुकून पुसले तर कार्ड लगेच काढून ठेवा." वर नवीन काही लिहिलं नाही, तर ते परत मिळण्याची शक्यता राहते.

तीन: "एकच प्रत कधी ठेवू नका." ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीची बाजारपेठ पाण्यात गेली, ते आपण विसरलेलो नाही. स्टॉकचे फोटो आणि बिलं विम्याच्या दाव्यात कामाला येतात. ती दुकानातल्या फोनमध्येच असतील आणि फोनही भिजला तर काय? एक प्रत कार्डात, दुसरी घरी किंवा ऑनलाइन. हा नियम आधी स्वतःच्या दुकानाला लावा.

आजचा गृहपाठ

काउंटरवरची सगळी कार्डं काढा आणि कामानुसार चार डब्या करा: फोटो-गाणी, शूटिंग, ॲप, कॅमेरा. उद्यापासून "किती जीबीचं देऊ?" ऐवजी "कशासाठी पाहिजे, दादा?" असं विचारा. गिऱ्हाईक दोन मिनिटं जास्त थांबेल, पण तक्रार घेऊन परत येणार नाही. आणि पुढचं कार्ड घ्यायला तुमच्याकडंच येईल.